लाल दोरा नसलेली पिशवी

त्या खेपेला धाकट्या सुनेच्या पिशवीला लाल दोरा नव्हता, आणि हे घरात सगळ्यांच्या आधी तिच्या सासूला, माईंना कळलं. कळणारच. या घरात कुणाच्या अंगाला काय झालंय हे डॉक्टरच्या आधी लाँड्रीला कळायचं, आणि लाँड्री म्हणजे माई.

खाली लाँड्री, वर घर, त्याच्या वर गच्ची. गिऱ्हाइकांचे आणि घरचे कपडे एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली यायचे. माई प्रत्येक कपडा उलटा करून बघायच्या, नाकाला लावायच्या आणि डाग दिसला की तिथे दोरा बांधायच्या. शाईला निळा, तेलाला पिवळा, रक्ताला लाल. लाल दोऱ्याचं कापड थंड पाण्यात पडायचं, कारण गरम पाणी लागलं की रक्त कापडात कायमचं मुक्कामाला येतं. सासरे होते तेव्हापासूनची ही पद्धत, आणि घरातल्या बायकांनी ती आपल्या सोयीने पुढे नेली होती. महिन्याचे ते दिवस आले की जिने तिने आपल्या कपड्यांच्या पिशवीच्या तोंडाला लाल दोरा बांधायचा. बोलायला नको, सांगायला नको. माई पिशवी उचलायच्या आणि थंड पाण्याचा नळ सोडायच्या.

गाठ बघूनसुद्धा त्यांना पिशवी कुणाची ते कळायचं. थोरल्या सुनेची गाठ अशी आवळलेली, की कात्री लागायची. धाकटीची सुरगाठ, एक टोक ओढलं की मोकळी. "तुझा स्वभाव उतरलाय गाठीत," असं थोरली म्हणायची, आणि ते कौतुक आहे की टोमणा हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही धाकटीला उमगलं नव्हतं.

तर त्या खेपेला दोरा नव्हता. चार दिवसांनी आलेल्या पुढच्या पिशवीलाही नव्हता.  दुपारच्या चहात धाकटीच्या कपात दूध जास्त पडायला लागलं, आणि इस्त्रीच्या टेबलापाशी एक उंच स्टूल आलं. "बसून कर," माई म्हणाल्या. आजवर त्या टेबलापाशी बसून इस्त्री करायची कुणाला परवानगी नव्हती. माईंच्या मते बसून केलेली इस्त्री पाठीत वाकडी येते.

धाकटीने स्टूल बघितलं, पण ती त्यावर बसली नाही.

कारण तिला जे माहीत होतं ते माईंना माहीत नव्हतं. तिने गोळी घेतली होती.

बाळंतपणात पहिली मुलगी गेल्यापासून ती आणि तिचा नवरा एका खोलीत राहायचे, एवढंच. नवरा सहा फुटांच्या वर, दारातून जाताना वाकावं लागणारा, म्हणून अर्थातच घराने त्याचं नाव छोटू ठेवलेलं. दिवसभर गठ्ठे बांधायचा, गाडीत टाकायचा, थोरल्या भावाबरोबर घरोघरी पोचवायचा, आणि वर आला की तिच्या तोंडाकडे बघून आपलं तोंड मिटायचा. मग एका संध्याकाळी कशावरून तरी दोघं हसले. कुणा गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात कवळी सापडली होती, आणि ते गृहस्थ पांढऱ्या रुमालात तोंड लपवून ती न्यायला आले होते. हसता हसता जवळ आले. खूप दिवसांनी आले, आणि एरवी जी काळजी घ्यायचे ती त्या दिवशी राहून गेली. छोटू नंतर छताकडे बघत म्हणाला, "बघू या की. झालं तर झालं." त्याच्या आवाजात इतकं कोवळं काहीतरी होतं, की धाकटीला नाही म्हणता आलं नाही. हो म्हणणं तर त्याहून अवघड. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि त्याने ते हो समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पूल ओलांडून पलीकडच्या औषधाच्या दुकानात गेली. अलीकडची सगळी दुकानं घरची गिऱ्हाइकं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा पांढरा कोट तर ती स्वतः दर आठवड्याला कडक करून द्यायची. पलीकडच्या औषधवाल्याने गोळी कागदात गुंडाळली आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कधी घ्यायची माहिती आहे ना?" ती हो म्हणाली आणि बाहेर येऊन नळाच्या पाण्याबरोबर तिथेच गिळून टाकली. येताना पुलावर तिला हलकं वाटलं. तेवढ्यापुरतं.

मग तारीख आली. तारीख गेली.

आधी तिने स्वतःची समजूत काढली. धावपळ झाली, ऊन लागलं, झोप नाही. मग ती इस्त्री थांबवून दिवसातून दहादा न्हाणीघरात जाऊन बघायला लागली. पोटात कळ आली की जीव भांड्यात पडायचा, आणि कळ निवली की पुन्हा टांगणीला. गोळी फुकट गेली असेल तर? आणि सगळ्यात वाईट विचार शर्टाच्या कॉलरपाशी यायचा, कारण कॉलर करताना हात थांबवता येत नाही: असलंच काही, आणि गोळीने त्याला काही झालं असेल तर? पुन्हा एकदा?

एका दुपारी तिच्याकडून शर्ट जळला. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, होडीसारखा. थोरलीने तो धुराच्या वासावरूनच हेरला. ती आली, शर्ट उचलला, दिव्याकडे धरला, खाली ठेवला आणि वाफेचं मशीन मुद्दाम चालू केलं. त्या मशीनच्या आवाजात दोन हातांपलीकडे काही ऐकू जात नाही.

"पाळी चुकलीये तुझी," थोरली म्हणाली. "आणि तुला आनंद झालेला नाही."

धाकटीला वाटलं होतं, घरात कुणाला सांगायचीच वेळ आली तर थोरली सगळ्यात शेवटी. हीच ती जाऊ, जी मुलगी गेली त्या आठवड्यात आपल्या दोन्ही पोरींना घेऊन माहेरी निघून गेली होती. आपल्या अपशकुनी सावलीपासून तिने पोरी लांब नेल्या, असं धाकटीने तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं आणि ते कधी सैल पडू दिलं नव्हतं. पण वाफ होती, आवाज होता, आणि इतके दिवस गिळलेलं होतं. तिने सगळं सांगून टाकलं. गोळी, पूल, छोटूचं "झालं तर झालं".

थोरलीने ना डोळे मोठे केले ना हात कपाळाला लावला. फक्त विचारलं, "डॉक्टरकडे गेलीस?"

"नाही."

"मग काय इस्त्रीला विचारतेयस?" असं म्हणून तिने मशीन बंद केलं आणि मोठ्याने जाहीर केलं, की सुट्टीच्या दिवशी आपण दोघी चप्पल घ्यायला जाणार आहोत.

सुट्टीच्या दिवशी त्या पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाई बारीक, चष्म्यावरून बघणाऱ्या, घाई नसलेल्या. तपासणी झाली. त्या म्हणाल्या, या गोळीने पाळी मागे-पुढे होते, बऱ्याच जणींची होते, त्यात घाबरण्यासारखं नाही. आजची तपासणी नाही म्हणतेय. पण अजून काही दिवसांत आली नाही तर पुन्हा यायचं, अंगावर काढायचं नाही.

धाकटी उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "आणि असलंच, तर गोळीने त्याला काही..."

"काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट बघून त्यांनी चष्मा काढला. "आणि नसलं, तर तुम्ही काही घालवलेलंही नाही. ही गोळी राहू देत नाही. राहिलेलं काढत नाही. हे लक्षात ठेवा, लोक काहीही बोलतात."

येताना दोघींनी खरंच चप्पल घेतली, कारण थोरलीला खोटं अर्धवट ठेवायला आवडायचं नाही. पुलावर ती अचानक म्हणाली, "त्या वेळी मी पोरींना माहेरी नेलं ना, ते घरात पोरांचा आवाज तुझ्या कानावर पडू नये म्हणून. तुला सांगायला हवं होतं. पण तू कुणाशी बोलायच्या अवस्थेत कुठे होतीस." धाकटी चालत राहिली. इतके महिने आवळून ठेवलेली ती एक गाठ होती, आणि ती कात्रीशिवाय सुटली याचं तिला नवल वाटत होतं. तिने फक्त थोरलीच्या हातातली चपलेची पिशवी आपल्या हातात घेतली.

गल्लीच्या वळणावर तिची नजर सवयीने वर, गच्चीकडे गेली. लाँड्रीवाल्यांची नजर जातेच.

दोरीवर छोटे कपडे होते.

पिवळी दोन झबली. अंगठ्याएवढे मोजे. कानांवर फुलं असलेलं टोपडं. दुपटं, ज्याची किनार धाकटीने स्वतः शिवली होती, आठव्या महिन्यात, पाय वर करून बसून. सगळे ओळीने, चिमट्यांत, वाऱ्याला हलत होते. शेवटी एक पांढरं झबलं होतं, ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. बाकी सगळे ट्रंकेत तळाशी होते, डांबराच्या गोळ्या घालून, मुलगी गेली त्या दिवसापासून. अंगाला न लागलेले. ट्रंकेची किल्ली माईंकडे असायची.

"अगं बाई," थोरली हळूच म्हणाली, आणि तिने धाकटीचा दंड धरला.

खाली लाँड्रीत, सुट्टी असूनही, सगळे जमले होते. माईंनी बोलावलं होतं. रेडिओ आत्या आली होती. ती सासऱ्यांची बहीण, आणि तिला हे नाव पडलं ते तिला बंद करायचं बटण नव्हतं म्हणून. मोठे दीर, म्हणजे थोरलीचा नवरा, कमी बोलणारा, तो गठ्ठ्यांवर बसून गोडाचा डबा उघडायचा प्रयत्न करत होता आणि आत्या त्याच्या हातावर चापट मारत होती. आणि छोटू. छोटू टेबलाला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा बघून धाकटीला पाय मागे घ्यावेसे वाटले. इतका उजळलेला चेहरा तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"या या," आत्या म्हणाली. "चप्पल आणायला गेल्या होत्या म्हणे. चपलेला डॉक्टरची चिठ्ठी लागते का हल्ली?" मग ती आपल्याच विनोदावर हसली आणि तिथून जी सुटली ती थांबेना. माईने फोन केला तेव्हा मी अर्धी वेणी घातली होती, तशीच आले. मला तर तिच्या चालण्यावरूनच कळलं होतं. या वेळी जड कपड्याला हात लावू द्यायचा नाही, आणि त्या पहिल्या हॉस्पिटलचं तोंडही बघायचं नाही. बाळाचं नाक कुणासारखं असेल इथपर्यंत तिने मजल मारली. माई काउंटरच्या मागे उभ्या होत्या, पदराने हात पुसत, जरा लाजल्यासारख्या. त्यांच्या बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली होती. यंत्रात न घालता हाताने धुतले होते तर.

थोरलीने पहिला डाव टाकला. ती म्हणाली, आत्याबाई, अजून काही नक्की नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या अशक्तपणा आहे, थोडे दिवस जाऊ द्या. सगळंच खोटं नव्हतं. पण आत्याने ते उडवून लावलं, आणि थोरलीच्या नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं ते नेमकं नको तेव्हा. तो बायकोला म्हणाला, "तू कशाला मधे पडतेस? तुला बघवत नाही का तिचं चांगलं झालेलं?"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटीने तो बघितला. आपल्यासाठी ही बाई पुन्हा एकदा वाईट ठरणार, आणि आपण पुन्हा गप्प बसणार, हे तिला दिसलं.

"ताई खरं सांगतायत," ती म्हणाली. "अजून काही नाही. आणि मला नको होतं. मी गोळी घेतली होती. दुसऱ्याच दिवशी. त्या गोळीनेच पाळी लांबलीये बहुतेक. आज तपासणीत नाही आलं."

रेडिओ बंद पडला. 

आत्याला पहिला शब्द सापडला. "म्हणजे तू ते पाडलंस?"

"नाही हो. नव्हतंच काही. ती गोळी पाडत नाही, राहूच देत नाही. ते..." डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला धडपणे आठवेना. तिने छोटूकडे बघितलं. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, खोलीत अरे. आत्ता ती ते विसरली. "अरे, मला सांगता आलं नाही तुला."

छोटूचा चेहरा आतून दिवा काढून घ्यावा तसा झाला होता. "मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"तू विचारलं नव्हतंस. तू म्हणालास, झालं तर झालं."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं होतंस."

"तू किती दिवसांनी हसला होतास," धाकटी म्हणाली. "त्यावर नाही म्हणू?"

 त्याने टेबलावरची गाडीची किल्ली घेतली, दारात वाकला आणि गेला. सुट्टीच्या दिवशी, पोचवायला एकही गठ्ठा नसताना, गाडी गल्लीतून गेल्याचा आवाज आला. थोरलीचा नवरा त्याच्या मागे उठला, बायकोपाशी क्षणभर थांबला. गोडाचा डबा त्याने झाकण लावून उंच फळीवर ठेवला. आत्या पदर तोंडाला लावून बसली. तिला राग आला होता की रडू, हे तिचं तिलाही कळत नव्हतं, आणि बडबडीशिवाय ती एकदम म्हातारी दिसत होती.

माई तिथे नव्हत्या. कधी गेल्या कुणाला कळलं नाही.

त्या गच्चीवर होत्या. कपडे वाळले होते, पण त्यांनी काढले नव्हते. उलट्या बादलीवर बसून दोरीकडे बघत होत्या. धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिला शिव्या खायच्या होत्या. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माई, मला भीती वाटली," ती म्हणाली. "पुन्हा नऊ महिने, आणि पुन्हा तसंच झालं तर. मला नाही झेपणार."

"कळतं मला," माई म्हणाल्या. "मीच घाई केली. दोरा नाही दिसला, आणि मला वाटलं, बरं झालं. कुणाला विचारायचं असतं हे सुचलंच नाही. आयुष्यभर कपडे बघून माणसं ओळखली ना, तीच खोड."

त्या एवढ्यावर थांबतील असं वाटलं. त्या उठल्या आणि शेवटच्या पांढऱ्या झबल्यापाशी गेल्या. चिमटा काढला, पण ते दोरीवरून उचललं नाही. नुसता हात ठेवला.

"हे तू ओळखलं नाहीस."

"नाही."

"हे तिच्या अंगावर होतं. तू शुद्धीवर नव्हतीस. दवाखान्याचं खरबरीत होतं, म्हणून मी घरून नेलेलं घातलं. गेली तेव्हा हेच होतं. मग मला परत दिलं त्यांनी, घडी घालून."

 ऑपरेशननंतर धाकटी जागी झाली तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी तिने डोळ्यांनी बघितली नव्हती. तिची म्हणून काही वस्तू या जगात आहे, हेच तिला माहीत नव्हतं.

"हे मी धुतलं नव्हतं," माई म्हणाल्या. "सगळ्या गावाचं धुतलं, हे नाही धुतलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या उशीखालच्या गादीत ठेवलं होतं. कधीतरी उघडायचे. वास होता अजून. थोडासाच, पण होता. दुधासारखा."

"मग आज?"

माईंनी झबल्याची बाही सरळ केली. "वाटलं, नवीन येतंय. त्याच्या ताईचं त्याला घालावं. मग ते तसंच कसं घालायचं, स्वच्छ पाहिजे. थंड पाण्यातच घातलं गं. हळूच चोळलं. पण साबण लावला."

धाकटीने झबलं दोरीवरून ओढून काढलं आणि नाकाला लावलं. श्वास घेतला. पुन्हा घेतला. काखेपाशी, गळ्यापाशी, जिथे बंद बांधायचे तिथे, माईंनी शिकवल्यासारखं उलटं करून, शिवणीत.

साबणाचा वास होता. साऱ्या गावाच्या शर्टांना येतो तोच.

"मला का नाही दिलंत?" ती म्हणाली. 

"तू मागितलं असतंस तर दिलं असतं."

"मला मागायचं माहीतच नव्हतं माई."

मग त्या दोघी तिथेच खाली बसल्या, तापलेल्या फरशीवर, आणि त्यांच्यात ते झबलं होतं. माई रडताना आवाज करत नसत, नुसते खांदे हलायचे. धाकटी कित्येक महिन्यांत मोठ्याने रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली. जिन्यात थोरली उभी होती. ती वर आली नाही आणि आत्यालाही तिने वर येऊ दिलं नाही. नंतर केव्हातरी तिने येऊन बाकीचे कपडे काढले, घड्या घातल्या आणि ते ट्रंकेत न टाकता धाकटीला विचारलं, कुठे ठेवू. धाकटी म्हणाली, ते ट्रंकेतच. हे माझ्याकडे.

दिवेलागणीला छोटू परतला. पूल, पलीकडचा रस्ता, पुन्हा पूल, असं पेट्रोल संपत येईपर्यंत फिरल्याचं त्याने सांगितलं. लाँड्रीत दिवा न लावता तो गठ्ठ्यांवर बसला, आणि ती दोन गठ्ठे सोडून बसली. तिने त्याला झबल्याचं सांगितलं. त्यालाही माहीत नव्हतं. तो ते हातात घेऊन बसला, त्याच्या तळहातात ते रुमालासारखं दिसत होतं, आणि त्यानेसुद्धा वास घेऊन बघितला. 

मग म्हणाला, "राग आहे मला अजून."

"असू दे."

"तुला भीती वाटतेय ते कळत होतं मला. बोललो तर वाढेल असं वाटायचं. मलाही वाटते. दवाखान्यावरून गाडी न्यायला लागू नये म्हणून लांबून जातो मी रोज. दादा विचारतो, पेट्रोल काय पितोस का."

ती एका गठ्ठ्यावरून पुढच्या गठ्ठ्यावर सरकली. "पाळी आली तर आधी तुला सांगेन," ती म्हणाली. "नाही आली, तरी आधी तुलाच."

पुढचे दिवस सगळ्यांनीच अंग चोरून काढले. आत्या रोज फोन करायची आणि हवापाण्याबद्दल बोलायची, जे तिला बिलकूल जमत नव्हतं. थोरलीचा नवरा एका सकाळी न सांगता थोरलीच्या वाटणीच्या सगळ्या कॉलर इस्त्री करून बसला. वाकड्या केल्या होत्या, थोरलीने त्या पुन्हा केल्या, पण त्याच्यासमोर नाही. इस्त्रीच्या टेबलापाशी स्टूल तसंच होतं. कुणी ते हलवलं नाही, आणि धाकटी त्यावर बसलीही नाही.

आणि मग एका सकाळी, अंथरुणातच, ओळखीची कळ आली, कमरेतून खाली उतरणारी, आणि या वेळी ती निवली नाही. न्हाणीघरातून धाकटी बाहेर आली तेव्हा छोटू उठून बसला होता. तिने त्याला सांगितलं. मोकळं मोकळं वाटेल अशी तिची अपेक्षा होती, आणि वाटलंही. पण त्या मोकळीकीच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याला ती दार उघडायला तयार नव्हती. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्यालाही कुठेतरी वाटत होतं तर, हे तिला तेव्हा कळलं, आणि आता कळून उपयोग नव्हता. छोटू उठला, आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. पाडलंस का, असं त्याने विचारलं नाही. चहा करू का, एवढंच विचारलं.

त्या दिवशी सकाळी धाकटी उभ्याने इस्त्री करत होती. माईंच्या टेबलावर घरच्या पिशव्या आल्या होत्या. माईंनी पहिली उचलली, दुसरी उचलली, आणि तिसरीवर त्यांचा हात थांबला.

पिशवीच्या तोंडाला लाल दोरा होता.

माईंनी गाठ बोटांनी चाचपली. ती सुरगाठ नव्हती. दोन वेढे, एक फास आणि वर पुन्हा एक आडवी, कपड्यांचा गठ्ठा पोचवायला बांधतात तशी, कधी सुटू नये म्हणून. एवढ्याशा दोऱ्याला एवढ्या मोठ्या हाताने मारलेली. या घरातल्या कुठल्याच पुरुषाने आजवर लाल दोऱ्याला हात लावला नव्हता.

माईंनी मान वर करून धाकटीकडे बघितलं नाही. कात्री समोर होती, तीही उचलली नाही. दिव्याखाली पिशवी धरून नखांनी ती गाठ एकेक वेढा करून सोडवत बसल्या, खूप वेळ. थोरलीने वाफेचं मशीन बंद केलं.

मग माईंनी थंड पाण्याचा नळ सोडला, आणि बादली भरेपर्यंत पिशवी छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या.